गोळी आणि कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट

आजचा विषय आपण उगीचच कुजबुजीचा करून ठेवला आहे. घरात सासूबाई, सासरे बसले असतील तर रेडिओचा आवाज बारीक करावासा वाटेल. मी म्हणेन, मोठा करा, त्यांनाही ऐकू द्या. बोलायचं आहे ते पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांविषयी, आणि नेमकं सांगायचं तर त्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉल वाढतं का, या प्रश्नाविषयी. हा प्रश्न माझ्या दवाखान्यात हल्ली वरचेवर येतो. तो आला की मला माझी एक चूक आठवते. सुरुवात तिथूनच करते.

मुक्ताईनगरला माझा दवाखाना आहे, त्याला सव्वीस वर्षं झाली. म्हातारी माणसं गावाला अजून एदलाबाद म्हणतात. पेशंट येतात ते बरेचसे आसपासच्या खेड्यांतून, पूर्णाकाठच्या गावांतून. २०१७ साली अशाच एका गावात रक्ततपासणीचं शिबिर झालं. थोडक्या पैशात साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड, सगळं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बायकांची रांग लागली. चार दिवसांनी एकेकीच्या हातात चार-चार पानांचे रिपोर्ट आले. जो आकडा जास्त तो ठळक छापलेला, समोर बाण. ज्यांना एरवी ताप आला तरी कुणी दवाखान्यात आणत नाही, त्या बाया कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

त्यात ही एक होती. वय चौतीस, दोन मुलं, नवरा केळीच्या गाड्या भरायला जाणारा. ऑपरेशनची भीती म्हणून गेली सहा वर्षं माला-डी घेत होती, एक दिवस चुकवत नव्हती. रिपोर्टमध्ये एकूण कोलेस्टेरॉल २१४, एलडीएल १३८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराईड २००. तिच्या जावेनं तिला सांगितलं होतं की हे त्या गोळ्यांनीच झालं. तिनं मला विचारलं, खरं का?

तो बाजाराचा दिवस होता. बाहेर बाकावर वीस-बावीस माणसं. मी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "गोळ्यांनीही होतं थोडं. बंद करून टाक, तीन महिन्यांनी परत तपासू." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. सगळं मिळून दोन मिनिटं गेली असतील.

ती शब्दाची पक्की निघाली. तीन महिन्यांनी बरोबर आली, नवीन रिपोर्ट घेऊन. यावेळी उपाशीपोटी रक्त दिलेलं. एकूण २०९, एलडीएल १३९, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराईड १५८. म्हणजे जवळपास होतं तिथंच. ट्रायग्लिसराईड उतरलं खरं, पण पहिल्या वेळी ती सकाळी चहा-भाकरी खाऊन शिबिराला गेली होती. खाल्ल्यावर तो आकडा चढतोच. मी समाधानानं मान हलवली. मग ती खाली बघत म्हणाली, पाळी येऊन दोन महिने झाले. मी विचारलं, "अगं, गोळ्या सोडल्यावर दुसरं काही वापरलं नाहीस?" ती म्हणाली, "तुम्हीच त सांगतलं व्हतं मॅडम, बंद कर."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी सांगितलं होतं आणि तिनं केलं होतं, इतकंच. नवरा-बायकोला तिसरं मूल नको होतं, झेपणारं नव्हतं. १९७१ च्या कायद्यानं दिलेली वाट होती, सरकारी रुग्णालयात सगळं नीट पार पडलं. पण ते तिला सोसावं लागलं. आणि ते माझ्या त्या दोन मिनिटांमुळे.

अजून एक गोष्ट राहिली. त्या दुसऱ्या खेपेला मी तिचा रक्तदाब मोजला. १४६ वर ९४. आठ दिवसांनी पुन्हा मोजला, तसाच. विचारपूस केली तेव्हा कळलं की ती दिवसातून दोनदा मिश्री लावते आणि तिचे वडील सेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. म्हणजे ती गोळी तिला खरोखरच योग्य नव्हती. मी बंद करायला सांगितलं ते बरोबरच निघालं, पण कारण चुकीचं होतं आणि रीत त्याहून चुकीची. मी कोलेस्टेरॉलचा आकडा वाचला आणि रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधलाच नाही. तो पट्टा टेबलावरच पडलेला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येते. गोळीनं कोलेस्टेरॉल वाढतं का? याचं उत्तर हो किंवा नाही असं एका शब्दात देता येत नाही, कारण गोळीत एक नाही, दोन हार्मोन असतात आणि दोघं एकमेकांच्या उलट ओढतात.

माला-डी आणि सरकारी दवाखान्यात फुकट मिळणारी माला-एन, दोन्हींत आतला माल एकच. लिव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम. पाकिटात २८ गोळ्या असतात, त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. इथिनिल इस्ट्रॅडिऑल म्हणजे बनवलेलं इस्ट्रोजेन. गोळी गिळली की आतड्यातून ती आधी यकृतात जाते. रक्तातली चरबी वाहून नेणाऱ्या गाड्या बऱ्याचशा यकृतातच बांधल्या जातात. इस्ट्रोजेन तिथं जाऊन काय करतं? एलडीएल, ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, ते थोडं कमी करतं. एचडीएल, म्हणजे चांगलं, ते वाढवतं. आणि ट्रायग्लिसराईड मात्र वाढवतं. लिव्होनॉरजेस्ट्रेलची ओढ याच्या विरुद्ध. त्याचा स्वभाव थोडासा पुरुषी हार्मोनसारखा आहे, त्यामुळे ते एचडीएल खाली आणतं आणि एलडीएल जरा वर नेतं. दोघांच्या ओढाताणीत शेवटी हाती येतो तो फरक बहुतेक बायकांत लहान असतो. एचडीएल जरासं कमी, ट्रायग्लिसराईड जरासं जास्त. आपल्याकडच्या लोकांचं एचडीएल मुळातच कमी आणि ट्रायग्लिसराईड जास्त असण्याकडे कल असतो, गोळी घेतलेली असो वा नसो. माझ्या पेशंटचं गोळी सोडल्यावरही एचडीएल ३८ च राहिलं ते म्हणूनच. (पुरुषांचं कोलेस्टेरॉल वाढलं की घरात शेवभाजीला दोष देतात आणि बाईचं वाढलं की गोळीला. तवंगाची शेवभाजी दोघंही एकाच पातेल्यातली खातात, हे कुणी ध्यानात घेत नाही.)

मग ही भीती आली कुठून? ती अगदी बिनबुडाची नाही, जुनी आहे. आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून लोकांचा रोष ओढवून घेतला. १९५३ मध्ये ते वारले. गोळी त्यांना पाहायलाही मिळाली नाही. अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून पहिल्या गोळीला परवानगी मिळाली ती १९६० मध्ये. त्या गोळीत इस्ट्रोजेन होतं १५० मायक्रोग्रॅम. आजच्या माला-डीत ३०. म्हणजे पाचपट! दुसरा हार्मोन तर दहा मिलिग्रॅमच्या घरात. अशा गोळ्या घेणाऱ्या बायकांच्या रक्तात चरबी आणि साखर दोन्ही बदलतात, हे लंडनमध्ये व्हिक्टर विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. त्याच सुमाराला रक्ताच्या गुठळ्यांची प्रकरणं पुढे आली. १९६९ अखेर ब्रिटनमध्ये डॉक्टरांना सांगण्यात आलं की ५० मायक्रोग्रॅमहून जास्त इस्ट्रोजेनची गोळी देऊ नका. तेव्हापासून मात्रा उतरत गेली. गोळी बदलली, भीती तिथंच राहिली. आपल्याकडे ती जावेकडून जावेकडे येते.

इथं एक गंमत आहे, आणि खरं तर याच कारणासाठी मी हा विषय निवडला. नंतरच्या काळात नव्या गोळ्या आल्या. त्यांत लिव्होनॉरजेस्ट्रेलच्या जागी डेसोजेस्ट्रेल किंवा ड्रोस्पिरेनोन असतं. त्या महाग असतात, मुरमांसाठी, पीसीओडीसाठी शहरात बऱ्याच दिल्या जातात, आता आमच्याकडच्या मेडिकलवरही मिळतात. या गोळ्यांत इस्ट्रोजेनला विरोध करणारं कुणी फारसं नसतं, त्यामुळे एचडीएल वाढतं. लिपिडचा रिपोर्ट पाहिला तर जुन्या गोळीपेक्षा छान दिसतो. पण पायातल्या, फुप्फुसातल्या गुठळीचा धोका? युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये सगळा हिशेब तपासला. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या दर १० हजार बायकांत वर्षाला साधारण दोघींना गुठळी होते. लिव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी घेणाऱ्यांत पाच ते सात जणींना. डेसोजेस्ट्रेल, ड्रोस्पिरेनोनवाल्यांत नऊ ते बारा जणींना. म्हणजे कागदावर जी गोळी चांगली दिसते तीच गुठळीच्या बाबतीत जास्त जोखमीची, आणि जिच्यामुळे एचडीएल थोडं उतरतं ती जुनी, स्वस्त, सरकारी गोळी कमी जोखमीची. घाबरून जाऊ नका, दोन्ही आकडे लहानच आहेत. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत गुठळीचा धोका यापेक्षा जास्त असतो. मला सांगायचं आहे ते एवढंच, की कोलेस्टेरॉलच्या आकड्यावरून गोळीची पारख होत नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेचे नियम असं सांगतात की गोळी सुरू करण्याआधी प्रत्येकीचं कोलेस्टेरॉल तपासत बसायची गरज नाही. कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे पण बाकी काही धोका नाही, अशी बाई सहसा गोळी घेऊ शकते. रक्तदाब मात्र मोजावा. १४० वर ९० किंवा त्याहून जास्त असेल तर इस्ट्रोजेनची गोळी शक्यतो नको, १६० वर १०० असेल तर नकोच. ३५ च्या पुढचं वय आणि विडी-सिगारेट असेल तर गोळी नको. आमच्याकडे विडी ओढणाऱ्या बाया थोड्या, पण मिश्री लावणाऱ्या घरोघरी. नियमात धूम्रपानाचं नाव आहे, मिश्रीचं नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, निकोटीन हिरडीतूनही रक्तात जातंच. मी माझ्यापुरती मिश्री धोक्यातच धरते. आणि हा प्रश्न सासू बाहेर गेल्यावर विचारते, नाहीतर खरं उत्तर मिळत नाही. अर्थात बऱ्याचदा मिश्रीची डबी सासू-सुनेत एकच असते, तो भाग वेगळा.

आणखी काही विचारायचं असतं. अर्धशिशीत डोळ्यांपुढे आधी काजवे किंवा नागमोडी रेषा येतात का? पूर्वी कधी पायात गुठळी, अर्धांग, हृदयाचा त्रास? यकृताचा आजार, स्तनाचा कॅन्सर? अंगावर पाजते आहे का? बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे ही गोळी मुळीच नको, आणि अंगावर पाजत असेल तर सहा महिने होईपर्यंत दुसरं काही वापरलेलं बरं. जिचा बाप किंवा भाऊ तरुणपणीच झटक्यानं गेला, किंवा जिला साखरेचा आजार आहे, तिचं लिपिड प्रोफाईल मी आवर्जून करते. तिथं तो आकडा कामाचा असतो. ट्रायग्लिसराईड ५०० च्या वर निघालं तर इस्ट्रोजेन देत नाही. ते अजून चढलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ते दुखणं फार वाईट.

गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, छातीत दुखलं, अचानक धाप लागली, कधी नव्हे असं डोकं ठणकलं, दिसेनासं झालं, तोंड वाकडं झालं किंवा बोलताना जीभ जड झाली, तर तिन्ही त्रिकाळ थांबू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा, आणि गोळी घेते हे डॉक्टरांना न विचारता सांगा. आमच्याकडे बाया औषध विचारलं तर "काहीच नाही" म्हणतात. गोळीला त्या औषध समजत नाहीत.

आता वारीविषयी थोडं. ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, महिनाभराची पायवाट. त्याच्या आधी दरवर्षी माझ्याकडे बायका येतात, पाळी पुढे ढकलायची गोळी द्या म्हणून. पाळी आली तर पालखीत चालावं की नाही, यावर माझं मत आहे, पण ते आज सांगत नाही. गोळीपुरतं बोलते. ती असते नॉरइथिस्टेरॉन, बहुतेक दिवसातून तीनदा, पाच मिलिग्रॅमची. ती पाळणा लांबवणारी गोळी नाही, तिच्या भरवशावर राहू नका. चार-आठ दिवस घेतली म्हणून कोलेस्टेरॉलचं काही बिघडत नाही. पण या मात्रेत तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, म्हणून पूर्वी गुठळी झालेल्या बाईनं ती मेडिकलवरून परस्पर घेऊ नये. आणि तीन-तीन आठवडे घेत राहण्याचा हट्ट तर नकोच. ज्या बाईची माला-डी चालूच आहे तिला दुसरी गोळी लागतच नाही. शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या बाजूला ठेवायच्या आणि नवीन पाकिटाच्या हार्मोनच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या, पाळी पुढे जाते. हे सांगितलं की बायकांना फसवल्यासारखं वाटतं, इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही म्हणून.

मग ज्यांना गोळी चालत नाही त्यांनी काय करायचं? मी तेव्हा जे सांगायला विसरले ते हेच. तांबी, म्हणजे कॉपर-टी, हिच्यात हार्मोन नाही. कोलेस्टेरॉल, रक्तदाब, गुठळी कशाशीच तिचा संबंध नाही, आणि ३८०-ए नावाची तांबी दहा वर्षं चालते. सुरुवातीला पाळीत रक्त जास्त जातं, हे मात्र आधी सांगावं लागतं, नाहीतर दोन महिन्यांत काढून टाका म्हणून येतात. छाया नावाची गोळी सरकारी दवाखान्यात मिळते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं आपल्या देशाचं औषध, १९९१ मध्ये सहेली नावानं बाजारात आलं. त्यात इस्ट्रोजेनही नाही आणि प्रोजेस्टेरॉनही नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पाळी लांबते कधीकधी, पीसीओडी असलेल्यांना देत नाहीत. अंतरा इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलं, तीन महिन्यांनी एक. त्यात इस्ट्रोजेन नसतं, पण एचडीएल थोडं उतरू शकतं, काहींचं वजन वाढतं, आणि बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. रक्तदाब, साखर, तंबाखू असं सगळं एकत्र असेल तर मी तेही टाळते. निरोधाचं नाव काढलं की बाई हसते आणि नवरा भिंतीकडे बघतो. पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढलं की नवरा उठून बाहेर जातो. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आढळलं. पुरुषांचं प्रमाण शेकड्याला एकसुद्धा नाही.

कोणतीही गोळी कुणाच्याही सांगण्यावरून सोडायची असेल, मग सांगणारी जाऊ असो, शेजारीण असो की माझ्यासारखी घाईतली डॉक्टर असो, आधी विचारायचं, "मग त्याऐवजी काय?" उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही.

त्या बाईनं तांबी बसवून घेतली. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मिश्री दोनदाची एकदा झाली, तिथंच अडली आहे. एलडीएल अजून १३० च्या आसपास असतं, आम्ही दोघी त्यावर भांडतो. गेल्या पोळ्याच्या सुमाराला ती त्याच जावेला घेऊन आली. जाऊबाईंना माला-एन सुरू करायची होती, आशाताईंनी पाकीट दिलं होतं. मी काही बोलायच्या आत हिनं टेबलावरचा पट्टा उचलून माझ्या हातात दिला आणि जावेला म्हणाली, "बाही वर कर."